चोपन्न पायऱ्या आणि चारशे मीटर

वाशीला आमच्या आजीच्या घरी जायला चोपन्न पायऱ्या आहेत. लहानपणी मी त्या दोन-दोन करत चढायचे, म्हणजे माझ्यासाठी त्या सत्तावीसच होत्या. गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा मोजल्या. कारण त्या चढायला आजीला अकरा मिनिटं लागली, आणि तिच्या मागे भाजीची पिशवी धरून उभं राहण्याशिवाय मला दुसरं काही काम नव्हतं.

मित्रांनो, मी सिव्हिलची. त्यातून कॉन्व्हेंटची. पायरी, लँडिंग, कठडा या सगळ्याचं ड्रॉइंग मला काढता येतं, पण त्याबद्दल मराठीत लिहायचं म्हणजे परीक्षाच! ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात.

तर आमच्या घरातला वाद असा. आजी सत्त्याहत्तर वर्षांची, आजोबा ब्याऐंशी. घर सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांचं म्हणणं, दोघांनी खारघरला आमच्याकडे यावं. चौदावा मजला, दोन लिफ्ट, चोवीस तास वॉचमन. आजीचं म्हणणं, नाही. कारण विचारलं तर म्हणते, "लिफ्टने खाली येईन रे, पण खाली येऊन जाऊ कुठे?" आजोबा अशा वेळी पेपर चेहऱ्यासमोर धरतात. मी तेव्हा बाबांच्या बाजूने होते.

आधी जिन्याचं बघू. तिसरा मजला म्हणजे साधारण ९ मीटर उंची. आजीचं वजन ६० किलो. अकरावीतलं एमजीएच लावा: ६० गुणिले ९.८ गुणिले ९, म्हणजे सुमारे ५३०० ज्यूल. किलोकॅलरीत फक्त सव्वा! शरीराची कार्यक्षमता २०-२५ टक्के धरली तरी पाच-सहा किलोकॅलरी. एका मारी बिस्किटात याच्या कितीतरी पट असतात. म्हणजे ऊर्जेचा प्रश्नच नाही. मग अकरा मिनिटं का?

उत्तर गुडघ्यात आहे. बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्याच्या आतच सेन्सर बसवून, तो बसवलेल्या पेशंटच्या सांध्यावर किती भार येतो हे मोजलं. त्यांचे २०१० साली छापून आलेले आकडे असे: सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण २.६ पट भार येतो, जिना चढताना ३.२ पट, आणि उतरताना जवळजवळ ३.५ पट. आजीच्या हिशेबात उतरताना प्रत्येक पायरीला एका गुडघ्यावर २०० किलोच्या वर! मला वाटायचं चढणं कठीण आणि उतरणं सोपं. उलटं आहे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखं काम करतो. म्हातारपणी हा ब्रेक ढिला होतो.

त्यात चष्मा. आजीचा बायफोकल आहे. खालच्या भागात वाचायचा नंबर, म्हणजे हातभर अंतराचा. उतरताना नजर नेमकी त्याच भागातून जाते आणि पायरीची कड धूसर दिसते. शिवाय सगळा जिना एकाच राखाडी कोट्याचा, एक पायरी संपून दुसरी कुठे सुरू होते ते मलाही संध्याकाळी कळत नाही. म्हणून ती मान खाली घालते, म्हणून तोल जातो, म्हणून कठडा घट्ट धरते. आणि कठडा एकाच बाजूला! चढताना उजव्या हाताला, उतरताना डाव्या हाताला. आजीचा डावा खांदा आखडलेला आहे. बिल्डिंगचा आराखडा काढणाऱ्याला हे कुठून माहीत असणार? तो स्वतः तेव्हा तिशीत असेल.

आता मुळात वाशीसारख्या ठिकाणी हा प्रश्न एवढा मोठा का, ते सांगते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना 'मार्ग' त्रैमासिकात मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल सुरू झाला, आणि वाशी हा पहिला नोड उभा राहू लागला. आजी-आजोबा १९७९ मध्ये इथे आले. आजोबांची नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीत. आजी सांगते, तेव्हा रात्री कोल्हेकुई ऐकू यायची आणि मुंबईला जायचं म्हणजे बसशिवाय उपाय नव्हता. रेल्वे वाशीला आली ती १९९२ मध्ये.

जुन्या शहरात आजोबा, मुलगा, नातू, भाडेकरू अशी सगळ्या वयाची माणसं मिसळलेली असतात. पण नवं शहर वसतं तेव्हा तिथे एकाच वयाची कुटुंबं येतात. सगळे तिशीतले, सगळ्यांची मुलं शाळेत, सगळ्यांचे हप्ते चालू. आणि मग सगळे एकदम म्हातारे होतात. आजीच्या जिन्यावर आठ घरं आहेत, त्यातल्या पाच घरांत आता सत्तरीच्या पुढचीच माणसं राहतात. मुलं खारघर, पुणे, न्यू जर्सी!

हे फक्त आपल्याकडे नाही. टोकियोच्या बाहेर तामा न्यू टाउन नावाचं वसवलेलं शहर आहे. तिथे १९७१ पासून लोक राहायला आले, म्हणजे जवळजवळ वाशीच्या बरोबरीनेच. तिथल्या जुन्या बिल्डिंगसुद्धा पाच मजली, लिफ्ट नसलेल्या. आज तिथेही वरच्या मजल्यावरचे आजी-आजोबा आणि त्यांच्या पायऱ्या हाच विषय आहे. जपान आपल्यापुढे आहे तो बुलेट ट्रेनमध्येच नाही, म्हातारं होण्यातही आहे.

दुसरी गंमत मला टाउन प्लॅनिंगच्या इलेक्टिव्हमध्ये कळली. क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९ मध्ये 'नेबरहुड युनिट' ही कल्पना मांडली. मध्यभागी शाळा, कडेला दुकानं, मोठे रस्ते वस्तीच्या बाहेरून, आणि सगळं साधारण पाव मैलाच्या म्हणजे ४०० मीटरच्या आत. कशासाठी? तर लहान मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत चालत जाता यावं म्हणून. आपले सेक्टर याच घराण्यातले. सेक्टरमध्येच शाळा, बाजार, बगिचा. म्हणजे आमच्या शहराची मोजपट्टी सात-आठ वर्षांचं पोर ही होती. बाबा त्या मापाच्या शहरात वाढले, आणि खरंच, आजही ते त्या शाळेच्या रस्त्याबद्दल भरभरून बोलतात. पण त्या मापाचं पोर पन्नाशीचं झालं, खारघरला गेलं, आणि त्या रस्त्यावरून आता त्याची आई काठी घेऊन चालते.

मी आजीबरोबर हे ४०० मीटर चाललेच. टेप आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन. (आजी लोकांना सांगत होती, "नात इंजिनीयर आहे, रस्त्याचं काम मिळालंय." मला अजून थर्ड इयरच्या केट्या सोडवायच्या आहेत!)

फुटपाथ सगळीकडे आहे, हे आधी कबूल करायला हवं. मुंबईत आमच्या मावशीकडे तेवढाही नाही. पण आजी फुटपाथवरून चालत नाही, खालून, गाड्यांच्या बाजूने चालते. मी तिला ओरडले, तर म्हणाली, "तूच चालून बघ." चालले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १०३ नंबरच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी. मी मोजलेली कड २३ सेंटीमीटर भरली. म्हणजे जिन्याच्या पायरीपेक्षाही उंच, आणि इथे धरायला कठडा नाही. त्यातून प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. गाडीला धक्का बसू नये म्हणून. चारशे मीटरमध्ये एकाच बाजूला अकरा गेटं लागली. आजीसाठी तो फुटपाथ नाहीच, आडवा पसरलेला जिना आहे. चोपन्न पायऱ्या उतरून आलेली बाई पुन्हा बावीस वेळा चढउतार कशाला करेल? ती रस्त्यावरून चालते, आणि आपण म्हणतो म्हाताऱ्यांना ट्रॅफिक सेन्स नाही.

उपाय नवीन नाही, महागही नाही. गेटपाशी फुटपाथ तसाच सपाट पुढे न्यायचा आणि गाडीने त्यावर छोटा उतार चढून यायचं. इंजिन गाडीला आहे ना!

पुढे सिग्नल. इथे मला खरा धक्का बसला. पायी चालणाऱ्याच्या हिरव्या दिव्याचा हिशेब करताना सेकंदाला १.२ मीटर हा वेग बऱ्याच ठिकाणी धरतात. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत पासष्टीच्या पुढच्या पुरुषांचा सरासरी वेग निघाला ०.९ आणि बायकांचा ०.८ मीटर. समजा दुभाजकाच्या दोन्ही बाजूंचा मिळून २१ मीटर रस्ता आहे. १.२ च्या वेगाने साडेसतरा सेकंद. तेवढ्या वेळात ०.८ च्या वेगाने माणूस १४ मीटरवर पोचतो. उरले ७ मीटर, म्हणजे पूर्ण दोन लेन, आणि समोर मोटरसायकली ॲक्सिलरेटर पिळत उभ्या. आजी काय करते? हिरवा लागला की निघत नाही. एक पूर्ण फेरी नुसती बघते, मग दुसऱ्या हिरव्याच्या पहिल्या सेकंदाला निघते. तरी अर्ध्यावर दुभाजकाशी थांबते. तो दुभाजकही उंच, त्यावर झाडं. उभं राहायला जागा फूटभर.

सिंगापूरने यावर एक झकास युक्ती काढली आहे. २००९ पासून तिथे 'ग्रीन मॅन प्लस' आहे. सिग्नलच्या खांबावर ज्येष्ठ नागरिकाने आपलं कार्ड टेकवलं की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. सगळ्यांसाठी ट्रॅफिक थांबवायला नको, ज्याला हवं त्याला तेवढीच जादा वेळ. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मंडळींनी फायनल इयर प्रोजेक्टला दरवर्षी तोच तो लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा हे करून बघावं. (राग मानू नका.)

सिग्नल ओलांडून आजीला बसायचं होतं. जागा नव्हती. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेत लोक जास्त चालतात अशा ठिकाणी दर ५० मीटरच्या आत बसायची सोय असावी असं आहे. मला आधी ते अतिच वाटलं होतं. पण आजीबरोबर चालल्यावर कळलं की तिचं सगळं चालणं हे एका टेकूपासून दुसऱ्या टेकूपर्यंतचं असतं. मेडिकलवाल्याची पायरी, देवळाचा ओटा, इस्त्रीवाल्याचं टेबल. इस्त्रीवाला तिच्यासाठी स्टूल सरकवतो. रसवंतीवाला गेला आणि तिथे मोबाईलचं दुकान आलं, त्या काचेच्या दुकानात बसायला काही नाही, तेव्हापासून ती त्या बाजूच्या बँकेत जात नाही. पासबुक आता आजोबा भरून आणतात. एक बाक गेला तर एक बँक गेली!

अजून एक गोष्ट, जी तिने मला घरी आल्यावर हळूच सांगितली. बाहेर पडायच्या दिवशी ती सकाळपासून पाणीच पीत नाही. वाटेत टॉयलेटची खात्री नसते. ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेणारी बाई मे महिन्याच्या उन्हात पाणी न पिता चालते. हे कुठल्याच ट्रॅफिक सर्व्हेच्या फॉर्ममध्ये येणार नाही, कारण तो फॉर्म भरून घेणारा बहुतेक वेळा आमच्यासारखाच कोणीतरी मुलगा असतो.

बसबद्दल थोडं. एनएमएमटी १९९६ पासून आहे. बसच्या फ्लोअरची उंची तीन प्रकारची असते: लो फ्लोअर ४०० मिलिमीटर, सेमी-लो ६५०, आणि जुन्या पद्धतीची ९००. लो फ्लोअर बस १५० मिलिमीटरच्या फुटपाथला चिकटून उभी राहिली तर चढायला फक्त २५० मिलिमीटर उरतात. पण स्टॉपपाशी रिक्षा उभ्या असतील तर बस रस्त्याच्या मधेच थांबते, आजीला आधी फुटपाथवरून खाली उतरून मग पूर्ण ४०० चढावे लागतात. महागडी बस आणि फुकटात गेलेली उंची. मेट्रोचंही तसंच. बेलापूर ते पेंधर लाइन नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, ११ किलोमीटर, ११ स्टेशनं. लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, प्लॅटफॉर्म आणि डबा एका पातळीत. मी आजीला हौसेने नेलं, तिला खूप आवडली. पण ती वाशीतून जात नाही, आणि स्टेशनपासून घरापर्यंत पुन्हा तोच फुटपाथ.

आता खारघर. बाबांच्या आग्रहाखातर आजी-आजोबा जूनमध्ये एक महिना आमच्याकडे राहून गेले. तोपर्यंत मला 'लाइफ-स्पेस असेसमेंट' नावाची गोष्ट सापडली होती. अमेरिकेतल्या अलाबामा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ती २००३ मध्ये मांडली. माणूस किती चालू शकतो हे न विचारता गेल्या चार आठवड्यांत तो खरोखर कुठपर्यंत गेला हे विचारायचं. पाच पातळ्या: झोपायच्या खोलीबाहेर, घराच्या दाराबाहेर, शेजारपाजारात, गावात, गावाबाहेर. प्रत्येक पातळीचा नंबर, गुणिले किती वेळा (१ ते ४), गुणिले कोणाच्या मदतीने (माणूस लागला तर १, काठी लागली तर १.५, काहीच नाही लागलं तर २). बेरीज जास्तीत जास्त १२०.

वाशीतला महिना: खोल्यांमधून रोज, मदतीशिवाय, ८. समोरच्या मावशींशी दारात गप्पा, रोज, १६. भाजी-देऊळ आठवड्यातून दोनदा, काठी घेऊन, ९. डॉक्टर महिन्यातून एकदा, आजोबांबरोबर, ४. एकूण ३७.

खारघरचा महिना: खोल्यांमधून ८. लिफ्टने खाली सोसायटीच्या आवारात आठवड्यातून दोन-तीनदा, काठी घेऊन, ६. गेटबाहेर महिन्यात एकदा, माझ्याबरोबर, ३. डॉक्टर ४. एकूण २१.

मी दोनदा बेरीज केली. लिफ्टवाल्या घरात २१ आणि चोपन्न पायऱ्यांच्या घरात ३७! आमच्या पॅसेजमध्ये चार दारं आहेत, चारही बंद. कोणाचं आडनाव काय ते मलाच माहीत नाही. गेटबाहेरचा रस्ता एवढा रुंद की पलीकडचं दुकान आजीला दुसऱ्या गावात असल्यासारखं वाटलं. आणि स्टूल सरकवणारा इस्त्रीवाला नाही, कपडे ॲपवरून जातात. बाबांना कागद दाखवला. ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "पण ती पडली तर?" याला माझ्याकडे फॉर्म्युला नाही. पडण्याची भीती खरी आहे आणि बाबा रात्री दोनला फोन वाजला की दचकून उठतात, तेही खरं आहे. मी फक्त एवढंच म्हणाले की ३७ चे ५० कसे करता येतील ते बघू, २१ कशाला करायचे.

म्हणून सोसायटीच्या मीटिंगला गेले. विषय, बाहेरून लिफ्ट बसवणे. आपल्याकडच्या जुन्या बिल्डिंगचे जिने दुमडलेले असतात, नऊ पायऱ्या, मधलं लँडिंग, उलट्या दिशेने नऊ पायऱ्या. बाहेरच्या भिंतीला लागून असतं ते मधलं लँडिंग. त्यामुळे लिफ्टचा टॉवर बाहेर उभा केला तर दार मधल्या लँडिंगवरच उघडतं, घराच्या दारात नाही. तिसऱ्या मजल्यावर जायचं तर अडीचाव्या मजल्यावर उतरून नऊ पायऱ्या चढायच्याच. हे मी फळ्यावर काढून दाखवलं तर दोन-तीन काका म्हणाले, मग उपयोग काय? तळमजल्यावरच्यांचं म्हणणं वेगळं: आमच्या खिडकीसमोर टॉवर येणार, उजेड जाणार, आणि वर आम्हीच पैसे भरायचे? त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही. आणि सगळ्यात मोठा मुद्दा, रीडेव्हलपमेंट होणारच आहे तर आता लिफ्टवर खर्च कशाला. हे वाक्य आजोबांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शाळेत होते. शिवाय रीडेव्हलपमेंट झालीच तर तीन-चार वर्षं दुसरीकडे भाड्याने राहावं लागणार. ब्याऐंशीव्या वर्षी तीन-चार वर्षं कशी मोजायची?

आजी मीटिंगला आली होती, खुर्ची घेऊन शेवटी बसली होती. ती म्हणाली, "त्या नऊ पायऱ्या मी चढेन हो. तुम्ही आधीच्या पंचेचाळीसचं बघा."

लिफ्टचा निर्णय पुढच्या सभेवर गेला. पण त्याच सभेत दोन गोष्टी पास झाल्या, कारण त्यांना पैसे फारसे लागत नव्हते: भिंतीच्या बाजूने दुसरा कठडा, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. कठड्याचा पाइप मी हट्टाने ४० मिलिमीटरचा घ्यायला लावला, मूठ पूर्ण बंद व्हायला हवी म्हणून. फॅब्रिकेटर जाड पाइप 'मजबूत दिसतो' म्हणून देत होता. गणपतीच्या आधी काम झालं. उतरताना आजीचा उजवा हात आता कठड्यावर असतो.

दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर आजोबांनी घरातली जुनी लाकडी खुर्ची नेऊन ठेवली आहे. सकाळी पेपरवाला पोरगा तिच्यावर गठ्ठा ठेवून वाटप करतो. आजी येताना दिसली की उचलतो.